शेठजींचे हात

चौकटवाल्याने पक्कड बाजूला ठेवली आणि शेवटचा खिळा नुसत्या बोटांनी ओढला. गंजून गंजून तो इतका सैल झाला होता की सहज हातात आला. मग त्याने बहिणीला चौकटीची वरची बाजू धरायला लावली, मी सांगेपर्यंत सोडू नकोस असं दोनदा बजावलं, आणि स्वतः खालच्या अंगाला वाकून चित्र हलकेच बाहेर सरकवलं. ताई अडुसष्ट वर्षांची, तो बासष्टचा. दोघांच्याही कमरेने कुरकुर केली, पण शेठजी टेबलावर अंथरलेल्या घोंगडीवर सुखरूप येऊन पोचले.

चित्र मोठं होतं, जवळजवळ माणसाच्या उंचीचं. उंच पाठीच्या खुर्चीत बसलेले थोरले शेठ, अंगात काळा कोट, मागे जड पडदा आणि पडद्याआडून डोकावणारी दुसऱ्याच कुठल्या तरी चित्राची सोनेरी कड. एवढ्या मोठ्या पेढीचा धनी, पण मांडीवर पेढीचा एकही कागद नव्हता. तिथे रेखाटनांची उघडी वही होती आणि वहीवर दोन्ही हात. गावात ज्याला ज्याला चार रेघा बऱ्या ओढता येत, त्याच्या पाठीशी शेठजी कधी ना कधी उभे राहिले होते. शेवटी त्यांनी एक कलादालनच बांधलं. त्यांच्या पश्चात हे चित्र तिथे लागलं, आणि भिंतीत मुरलेल्या ओलीने ते खालून पोखरत आणलं. गालिचा गेला, बूट गेले, गुडघ्यांपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले. शेठजींना आता पाय म्हणून उरले नव्हते.

कलादालनाच्या कारकुनाने चित्रासोबत चिठ्ठी दिली होती. नव्या समितीने ठरवलं होतं की डागडुजीच्या फंदात पडायचं नाही. कोटाच्या दुसऱ्या बटणाशी कॅनव्हास कापायचा, छातीपर्यंतचा चांगला भाग नव्या चौकटीत बसवायचा आणि तो तिकीटखिडकीच्या वर लावायचा. उरलेला भाग निकामी समजावा. ताईने चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली, मग चष्मा लावून पुन्हा वाचली.

"म्हणजे हात जाणार," ती म्हणाली.

"त्यांच्याकडून जाणार. आपल्याकडे येणार."

 ताईने वाकून चित्रातल्या डाव्या हातावरची धूळ फुंकरीने उडवली. त्या हाताच्या अंगठ्याचं नख मधोमध उभं दुभंगलेलं होतं. ते नख शेठजींचं नव्हतं, आणि हातही शेठजींचे नव्हते. ते या दोघांच्या वडिलांचे, अण्णांचे होते.

त्याचं असं झालं होतं. मोठ्या माणसांना चित्रासाठी बसून राहायला वेळ नसे, आणि चित्रकारांनाही त्याची सवय झालेली असे. ज्यांना सगळे नुसतं मास्तर म्हणत, त्या चित्रकारांनी शेठजींना तीनदा अर्धा अर्धा तास बसवून चेहरा उतरवून घेतला, त्यांचा कोट मागून घेतला आणि त्यांना मोकळं केलं. बाकीचं काम दीड महिन्याचं. तेवढे दिवस कोटात घालायला कोणी तरी हवं होतं, म्हणून मास्तरांनी आपल्या चौकटी करून देणाऱ्या अण्णांनाच धरलं. अण्णा काटकुळे. तो कोट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसे. मास्तरांनी आत दोन टॉवेल आणि एक उशी कोंबली, आणि अण्णांचे शेठजी झाले.

दीड महिना घरात नुसता सावळागोंधळ. हातांवर ओरखडा, फोड, काही म्हणता काही उठता कामा नये अशी मास्तरांची सक्त ताकीद होती. त्यामुळे अण्णांनी हातोडी धरायची नाही, सरस ढवळायचा नाही, ओले कपडेसुद्धा पिळायचे नाहीत. दुकानातलं सगळं काम आईच्या गळ्यात पडलं. चौकटीचे कोपरे जुळवता जुळवता आई म्हणे, शेठजी मुक्कामाला आलेत बाई आमच्याकडे, त्यांना विचारा पंखा घालू का. अण्णाही कमी नव्हते. ते पायावर पाय टाकून, मान जरा वर करून बसत, आणि आईने भिरकावलेलं फडकं अंगावर घेत. ताई तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिचा बाळ्या सात. आज बासष्टाव्या वर्षीही तिच्या लेखी तो बाळ्याच होता.

एक काम मात्र अण्णांनी त्या दिवसांतही सोडलं नाही. रोज सकाळी ताईच्या वेण्या तेच घालत. आईपेक्षा त्यांची वेणी घट्ट येई, संध्याकाळपर्यंत एक केस सुटत नसे. कुठे शिकलात म्हणून कोणी विचारलं, की म्हणत, तिच्या आत्याच्या डोक्यावर. आत्या म्हणजे त्यांची तेरा वर्षांनी धाकटी बहीण, पुढे एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका झालेली. शाळाभर जिचा दरारा, ती हे ऐकलं की नुसती हसायची आणि दुसराच विषय काढायची.

मास्तर जे दिसेल ते काढणारे होते. अंगठ्याचं दुभंगलेलं नख दिसलं, तेही त्यांनी इमानेइतबारे काढलं. पेढीवर बसणाऱ्या माणसाच्या हाताला सुताराचं नख कुठून येईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. चित्र पुरं होऊन वाळल्यावर आईने ते नख दाखवलं, तेव्हा मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. ते लगेच कुंचला घेऊन पुसायला निघाले होते, पण शेठजीच म्हणाले, राहू द्या. का राहू द्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांना विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

चित्र निम्मंअधिक झाल्यावर शेठजी मास्तरांकडे अधूनमधून अवचित येऊ लागले होते. बसायला नव्हे, बघायला. हे अण्णा फार चवीने सांगत. मी खुर्चीत, त्यांच्याच कोटात, आणि ते समोर स्टुलावर. मला हलायची बंदी आणि त्यांना जायची घाई नाही. काय बोलायचात एवढं, असं मुलांनी विचारलं की म्हणत, काही नाही, इकडचं तिकडचं. मुलांचं तेवढ्यावर समाधान होई.

अण्णांना जाऊन एकतीस वर्षं झाली होती. दुसऱ्यांची माणसं चौकटीत बसवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. ताईच्या लग्नात ऐन फोटोच्या वेळी ते मागचा पडदा धरून उभे राहिले, बाळ्याच्या लग्नात त्यांनी नेमकी मान फिरवली. त्यामुळे उरले होते ते हेच, शेठजींच्या मांडीवरचे दोन हात. वर्षातून दोनदा तरी चौकटवाला तिकीट काढून कलादालनात जाई आणि त्या हातांसमोर उभा राही. रखवालदाराला वाटे, शेठजींवर याची फार भक्ती आहे.

म्हणूनच चित्र दुकानात आलं तेव्हा त्याला आनंद लपवता येईना. त्याने त्याच दुपारी कारकुनाला फोन केला आणि उगाच खाकरून विचारलं, खालचा तुकडा मी ठेवून घेतला तर चालेल का. कारकून म्हणाला, न्या की, आम्हाला काय त्याची पोतेरी करायची आहेत. फोन ठेवल्यावर बहीणभावांत जे सुरू झालं ते दिवस मावळेपर्यंत चाललं. ताईचं म्हणणं, मी थोरली, हात माझ्या घरी. त्याचं म्हणणं, अण्णांचं दुकान आहे, दुकानातच राहावेत. अखेर सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे यावर तह झाला. पहिले सहा महिने अर्थातच ताईने पटकावले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठजींची नात दुकानात आली. पन्नाशी उलटलेली, अंगाने बारीक, खांद्याला भलीमोठी पर्स, आणि बोलणं असं की दुकानात शिरल्याबद्दल माफी मागत असावी. या बाई समितीवरही होत्या. चित्र अजून कापलं नाही हे पाहून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तिकीटखिडकीवर चेहरा हवा तर लावू दे त्यांना, पण हात मला माझ्या घरी हवे आहेत, असं त्यांनी सांगितलं. कारकुनाने तो तुकडा तुम्हाला कबूल केला आहे असं कळलं, त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. त्याच्या बदल्यात नवाकोरा कॅनव्हास हवा तेवढा पाठवते, असंही त्या म्हणाल्या.

 चौकटवाल्याला सांगायचं ते एका वाक्याचं काम होतं. बाई, ते हात तुमच्या आजोबांचे नाहीत. वाक्य जिभेच्या टोकावर आलं आणि तिथेच बसलं. उद्या चारला या, मापं घ्यायची आहेत, असं काहीबाही सांगून त्याने त्यांना वाटेला लावलं.

ताईला हे कळल्यावर तिने त्याला धारेवर धरलं. तोंडात काय गुळणी धरली होती का, असं विचारलं. मग म्हणाली, उद्या मी बोलते, तुझ्याच्याने व्हायचं नाही. भांडायचं नाही, तंडायचं नाही. ज्याचे हात त्याच्या घरी, यात न समजण्यासारखं काय आहे. त्यांना आजोबांचा चेहरा आहे, घरात फोटोंचे ढीग असतील. आपल्याकडे आहे काय दुसरं? हे शेवटचं बोलताना तिचा आवाज चिरकला आणि ती उगाचच दुकान झाडायला लागली.

दुसऱ्या दिवशी चारला बाई आल्या, तेव्हा दुकानातल्या तिन्ही खुर्च्या पुसून मांडलेल्या होत्या आणि थर्मासात चहा होता. ताईने ठेवणीतले कपडे घातले होते. ही माझी थोरली बहीण, असं चौकटवाल्याने सांगितलं. बाईंनी नमस्कार केला, चहा घेतला आणि टेबलावरच्या चित्राकडे पाहत बसल्या. ताईने सरळ मुद्द्यालाच हात घातला. एवढा सुरेख चेहरा सोडून तुम्हाला हातच का हवेत, असं तिने विचारलं. उत्तर काहीही आलं तरी पुढचं वाक्य तिने तयार ठेवलं होतं.

बाईंनी कप बशीत ठेवला आणि त्या सांगू लागल्या. पूर्वी हे चित्र घरी होतं, जेवणाच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या अगदी समोर. लहान मुलीला चेहरा दिसायचा तो फार उंचावर. डोळ्यांसमोर यायचे ते हात. आजोबांची भेट व्हायची तीही जेवताना, तेवढीच. एकदा तिने विचारलं, तुमचं नख असं का, आणि आजोबांनी हातातला घास खाली ठेवून गोष्ट सांगितली. मग ती गोष्ट तिने किती वेळा सांगायला लावली याला गणती नाही.

"आजोबा एकोणीस वर्षांचे होते, तेव्हा त्यांचे वडील गेले," बाई म्हणाल्या. "शिक्षण सोडून ते लाकडी सामानाच्या कारखान्यात लागले. आईला सांगितलं, कचेरीत बसून लिहायचं काम आहे. तिला अंगमेहनत कळली असती तर तिने जाऊ दिलं नसतं. पहिल्याच महिन्यात पटाशी घसरली आणि नख दुभंगलं. आता आईने हात पाहिला तर सगळं उघडं पडणार. म्हणून घरात आठ दिवस त्यांनी डावा हात खिशातून काढला नाही."

चौकटवाला टेबलाच्या कडेला टेकला. अण्णा तरुणपणी कारखान्यात होते, एवढं त्याला माहीत होतं. नखाबद्दल विचारलं की ते म्हणत, पटाशी घसरली. तिथे त्यांची गोष्ट संपायची.

बाईंची संपली नव्हती. घरात सहा वर्षांची बहीण होती आणि रोज सकाळी तिच्या वेण्या आजोबाच घालत. आता एका हाताने वेणी घालणार कशी? त्या चिमुरडीने दादाच्या खिशाकडे पाहिलं आणि आईला जाऊन सांगितलं, मला आजपासून वेण्या नकोत, मला मोकळे केस आवडतात. शाळेत मोकळे केस चालत नसत. आठ दिवस ती रोज वर्गाबाहेर उभी राहिली. कारण तिने शाळेत सांगितलं नाही आणि घरीही नाही.

ताईचा कप ओठांपाशीच थांबला होता. तो तिने जपून खाली ठेवला.

"तुमच्या घालायचे का वेण्या?" तिने विचारलं. "तुमचे आजोबा?"

बाईंना हसू आलं. "एकदा मी हट्ट धरला होता. त्यांना तीन पेडसुद्धा धरता येईनात. म्हणाले, विसरलो. आणि नखही त्यांचं चांगलं होतं. मी बोट ओढून बघायची, तर म्हणायचे, माझं भरून आलं, चित्रातलं राहिलं."

ताईच्या कानशिलांवर लाली चढली. भावाला ती लाली ओळखीची होती. आता ही बोलणार. तोही संतापला होता. अण्णांनी पोटच्या मुलांना जे सांगितलं नाही ते स्टुलावरच्या माणसाला सांगितलं, आणि त्या माणसाने खुशाल ते आपलं म्हणून स्वतःच्या घरात सांगितलं. घरभर पैसा असताना त्याला याचीच काय कमी पडली? पण संताप पुरता वर येण्याआधी त्याला दुसरंच काही टोचलं. त्या माणसाने निदान विचारलं होतं. शेजारी बसून, पुढे काय झालं, मग काय झालं, असं विचारत राहिला होता. आपण दोघं अण्णा होते तोवर इकडचं तिकडचं यावर गप्प बसलो.

"आजोबा म्हटलं की सगळ्यांना पेढी आठवते," बाई म्हणत होत्या. "मला ते एकोणीस वर्षांचे दिसतात, खिशात हात घालून घरी चाललेले. मी आमच्या घरातून बाहेर पडले, एकटी राहिले, वाईट दिवस काढले, तेव्हाही तेच दिसायचे. आणि ती बहीण. तिला आमच्याकडे कोणीच पाहिलं नाही. मी खूप विचारायचे, मोठी होऊन तिचं काय झालं, पण ते एवढं सांगायचेच नाहीत. लहानपणीच गेली असेल बिचारी."

"गेली नाही," ताई म्हणाली.

बाईंनी मान वर केली.  आणखी एकच वाक्य, आणि हात घरी येणार होते. ताईने टेबलाकडे पाहिलं, त्या दोन हातांकडे, मग समोर बसलेल्या बाईंच्या चेहऱ्याकडे.  

"म्हणजे असं वाटतं मला," ती म्हणाली. "अशी मुलगी अशी जायची नाही. शिकली असेल ती. भरपूर शिकली असेल. शाळाच चालवली असेल एखादी. आणि तिच्या शाळेत मोकळ्या केसांनी कोणी आलं, तर त्या मुलीला वर्गाबाहेर नसेल उभं केलं तिने."

"खरंच असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं काय, खात्री आहे."

 बाईंनी पर्स उघडून रुमाल शोधला आणि तो डोळ्यांना न लावता हातातच धरून ठेवला. लहानपणापासून तिचं कोणी तरी बरं सांगावं असं वाटत होतं मला, असं त्या पुटपुटल्या.

चौकटवाल्याने खडू उचलला. दुसऱ्या बटणाशी समितीची रेघ होती. तिच्या बऱ्याच खाली, बाह्यांवर, त्याने दुसरी रेघ धरली आणि बाईंना विचारलं, मनगटाच्या वर एवढं सोडलं तर चालेल ना. हात नुसते कापल्यासारखे दिसायला नकोत, थोडा कोट राहू द्यावा. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, असं बाई म्हणाल्या. त्याने रेघ ओढली. खडू एकदा मोडला, तेव्हा त्याने दुसरा घेतला.

त्या जायला उठल्या, तेव्हा ताईने त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला.

"अजून काय काय सांगायचे ते?" तिने विचारलं. "तरुणपणचं?"

"पुष्कळ. ते दर वेळी नवीन काही तरी काढायचे." बाई थबकल्या. "एक सायकलची आहे. पण ती जरा लांबलचक आहे."

"असू दे," ताई म्हणाली. "आम्हाला काही घाई नाही."